वस्तू क्रमांक एकशे बारा

सकाळी दहाच्या ठोक्याला टपाल यायचं आणि सव्वादहाला नोंदणीबाईंची कात्री चालू व्हायची. वस्तुसुरक्षा कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या लांबट खोलीत, त्या गेली एकोणीस वर्षं एकाच टेबलाशी बसत होत्या. लोकांच्या तक्रारींची पाकिटं फोडायची, वाचायची, मोठ्या वहीत चढवायची. पेटलेली इस्त्री, उडालेलं कुकरचं झाकण, पाय निसटलेली खुर्ची, खेळण्याचा रंग चाटून आजारी पडलेलं मूल. बाईंचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि वहीत खाडाखोड औषधालाही नव्हती. एखादा जुना कागद सापडेनासा झाला की खुद्द साहेब म्हणत, "कपाटं काय उपसताय? बाईंना विचारा."

या कार्यालयाची एक रीत होती. वस्तूबद्दल पहिली तक्रार आली की तिला एक क्रमांक मिळायचा आणि त्या क्षणापासून तिचं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही. चहाच्या टेबलावरसुद्धा नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर नाव असेल तिथे बाई जाड काळ्या पेनाने पट्टा ओढत आणि वर नीटस आकडा लिहीत.

हे सगळं कायद्याच्या सातव्या कलमामुळे. तक्रार कितीही गंभीर असो, कंपनीने लेखी संमती दिल्याशिवाय किंवा चौकशी पुरी झाल्याशिवाय वस्तूचं नाव बाहेरच्या कुणालाही सांगायचं नाही, असं ते कलम म्हणत होतं. चौकशी पुरी व्हायला कंपनीचा खुलासा लागे, आणि खुलाशासाठी मुदत मागायचा कंपनीला हक्क होता. किती वेळा मागायची, याला मात्र कायद्यात मर्यादा नव्हती. म्हणजे पोळलेल्या माणसाने सांगायचं, सरकारने ऐकायचं, आणि पुढे दोघांनी मिळून गप्प बसायचं.

हे कलम आलं कुठून तेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. तीस वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या दूधपावडरीबद्दल अफवा उठली होती. कारखाना बंद पडला, चारशे माणसं घरी बसली, आणि नंतर पावडर चोख निघाली. त्या चारशे माणसांची कणव येऊन सभागृहाने हे कलम घातलं. कणव खरी होती. पण तिच्या आडोशाला पुढे कोण कोण येऊन बसलं, हे बघायला तीस वर्षांत कुणाला सवड झाली नाही.

कलम मोडलं तर काय होतं, हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट एकदा आपल्या शेजारणीला सहज बोलून गेली, "ती इस्त्री तेवढी घेऊ नका हो." शेजारीण दुकानदाराशी जाऊन भांडली, दुकानदाराने कंपनीला कळवलं, आणि तीन महिन्यांत टायपिस्टची नोकरी गेली. वर खटला झाला तो वेगळाच. आता ती समोरच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानात उभी असायची. बाई येता-जाता रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालत.

तर त्या दिवशीचं सातवं पाकीट बाईंनी फोडलं आणि पहिल्या दोन ओळींतच त्यांचा हात थांबला. मुलांच्या उशाशी ठेवायचा एक दिवा होता. मऊ रबराचा ससा, डोळे मिटलेले, पोटात मंद पिवळा उजेड. नाव 'झोपाळू ससा'. पोटाखालचं झाकण स्क्रूचं नव्हतं, नुसतं दाबून बसवलेलं. ससा दोनदा जमिनीवर आपटला की झाकण उघडे आणि नाण्याएवढे तीन चपटे सेल बाहेर घरंगळत. लहान मूल ते चमकतं नाणं तोंडात घालणार नाही तर काय करणार? घशाखाली अडकलेला सेल दोन तासांत आतून जाळायला लागतो. बाहेरून दिसतं ते एवढंच की मूल लाळ गाळतंय, खात नाहीये, खोकतंय. डॉक्टर म्हणतात सर्दी, आई म्हणते दात येताहेत.

वस्तू क्रमांक एकशे बारा. तक्रार अकरावी. चौदा महिन्यांत दोन मुलं गेली होती, एकाचा आवाज कायमचा बसला होता. बाईंनी वहीत नोंद केली, कंपनीला अकराव्यांदा तेच पत्र लिहिलं आणि साहेबांच्या सहीला ठेवलं.

साहेबांनी सही करता करता सुस्कारा सोडला. "पुन्हा मुदत मागतील."

"साहेब, निदान सेलबद्दल तरी एक सूचना काढता येणार नाही? नाव न घालता?"

"काढली होती की मागच्या वर्षी. 'लहान मुलांना सेलपासून दूर ठेवा.' कुणी वाचली? बाई, लोकांच्या घरात दहा वस्तूंत सेल असतात. नाव नसेल तर त्या सूचनेचा उपयोग शून्य, आणि नाव घातलं तर मी आणि तुम्ही दोघं घरी. सुधारणा विधेयक आलंय ना सभागृहात? होईल कधीतरी."

विधेयक खरंच आलं होतं. जीव गेला असेल तर दहा दिवसांत वस्तूचं नाव जाहीर करायचं, आणि कंपनीने आणून दिलेल्या नमुन्याऐवजी कार्यालयाने दुकानातून उचललेला नमुना तपासायचा, अशी त्यात दोन कलमं होती. ते एका समितीपुढे पडून होतं.

त्याच रविवारी बाईंच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचा दुसरा वाढदिवस होता. पोरीचं पाळण्यातलं नाव काहीही असो, सगळे तिला पिटुकली म्हणत. पिटुकली म्हणजे बाईंचा जीव की प्राण. स्वतःच्या पोटी मूल नव्हतं, नवऱ्याचं दुखणं जुनं, घर चालायचं ते बाईंच्या नोकरीवर. आठवड्याभराचा शीण रविवारी त्या पोरीच्या बोबड्या बोलण्यावर उतरायचा.

बहिणीचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत फुगे, शेजारची चार मुलं आणि पलंगावर बहिणीच्या सासूबाई, गुडघ्याला पट्टा बांधून बसलेल्या. त्यांनी मोठ्या कौतुकाने पिशवीतून एक डबा काढला. "मी स्वतः दुकानात जाऊन आणलाय गं सोन्या. गुडघे बोलत होते, पण म्हटलं नातीसाठी जायचंच." डबा उघडला. आत मिटल्या डोळ्यांचा ससा होता.

पिटुकलीने सशाला दोन्ही हातांनी छातीशी धरलं, कानाला चावून पाहिलं आणि टाळ्या वाजवायला म्हणून खाली टाकला. झाकण उघडलं नाही. एकदा आपटून उघडत नाही, हे बाईंना वहीतून पाठ होतं.

"हा नको," बाई एकदम म्हणाल्या.

सगळे वळून बघायला लागले. "का हो?" सासूबाईंनी विचारलं.

आता काय सांगायचं? बाईंच्या डोळ्यांपुढे झेरॉक्सचं दुकान आलं. नोकरीला लागताना सही केलेलं हमीपत्र आलं. आणि वाचकहो, खरं सांगायचं तर त्याहीपेक्षा मोठी एक गोष्ट आडवी आली. एकोणीस वर्षांत या बाईने एकही नियम मोडला नव्हता आणि त्याचा तिला अभिमान होता. तेव्हा त्या म्हणाल्या, "रंग बघा ना किती भडक आहे. असल्या हलक्या वस्तू घरात बऱ्या दिसत नाहीत."

सासूबाईंनी डब्याचं झाकण हळूच मिटलं. "आम्हाला काय कळतंय बाई. तुम्ही ऑफिसात जाणाऱ्या," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघरात बहीण उसळली. "ताई, तुला झालंय काय? त्या माउलीने लंगडत जाऊन आणलाय तो!"

"अगं, नको वापरूस एवढंच म्हणतेय. मी दुसरा आणून देते."

"पण का? कारण सांग की."

"मला नाही आवडला."

"मग तुझ्या घरी लावू नकोस! इथे आम्ही राहतो." बहिणीचे डोळे भरून आले होते. लग्नानंतर या घरात तिने पाच वर्षं नाकावर माशी बसू न देणाऱ्या सासूची मर्जी राखली होती, आणि सख्ख्या बहिणीने ती एका वाक्यात उधळली होती.

बाई दुसऱ्याच दिवशी लाकडी चौकटीचा, भिंतीत खोचायचा एक दिवा घेऊन गेल्या. बहिणीने तो निमूटपणे घेतला. "ठेवून दिलाय ससा. झालं समाधान?" ती म्हणाली. बाईंच्या जिवात जीव आला.

ससा ठेवून दिलेला नव्हता. पिटुकलीला त्याच्याशिवाय झोप येईना, आणि सासूबाई रोज विचारत, लावला का माझा ससा? तेव्हा घरात एक नवी पद्धत पडली. रविवारी ताई यायच्या आधी ससा कपाटात जायचा, ताई गेली की बाहेर यायचा. बहिणीला यात काही वावगं वाटलं नाही. ताईचंही मन राखलं जात होतं आणि सासूचंही, आणि घरातल्या बाईने याहून वेगळं काय करायचं असतं? पिटुकलीला तर तो खेळच झाला. दारावरची घंटा वाजली की ती ओठावर बोट ठेवून म्हणायची, "शूऽऽ. मावशी आली. शशा लप." बाई हसून तिला उचलून घ्यायच्या. त्यांना वाटायचं, पोर लपंडाव खेळतेय.

दीड महिना गेला. एका मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला.

"ताई, पिटुकली सकाळपासून काही खात नाहीये गं. पाणीसुद्धा थुंकतेय. लाळ नुसती गळतेय. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले घसा आलाय, औषध दिलंय."

बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. हेच शब्द त्यांनी वहीत अकरा वेळा लिहिले होते. "तो ससा..." त्यांनी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "तो घरात नाही ना?"

तिकडे बहिणीच्या शेजारी पलंगावर सासूबाई बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर पोर होती आणि पोरीच्या हातात ससा. लेकरू तापाने फणफणलंय आणि ताईला अजून त्या सशाचं पडलंय, या विचाराने तिच्या मस्तकात तिडीक गेली. "नाही गं बाई, कधीच देऊन टाकला! किती दिवस धरून बसणार आहेस ते?"

आणि बाईंना हायसं वाटलं.

या हायसं वाटण्याबद्दल बाईंनी स्वतःला पुढे कधीही क्षमा केली नाही. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. बोलल्या असत्या तर बहिणीने तिथल्या तिथे सशाचं पोट उलटून पाहिलं असतं. दुपारचे तीन वाजले होते, इस्पितळ वीस मिनिटांवर होतं. पण ससा घरात नाही म्हटल्यावर ते वाक्य बोलायची गरज उरली नव्हती, आणि गरज नसताना कलम कशाला मोडायचं? "बरं, कोमट पाणी देत राहा. संध्याकाळी फोन कर," असं म्हणून बाईंनी खाली पडलेलं पेन उचललं आणि अर्धवट राहिलेली ओळ पुरी केली.

बुधवारी सकाळी पिटुकलीला रक्ताची उलटी झाली. इस्पितळात फोटो काढला. कोवळ्या फासळ्यांच्या मधोमध एक स्वच्छ गोल दिसत होता, नाण्यासारखा, आणि त्याच्या कडेला आणखी एक फिकट कडं. तरुण डॉक्टरीणबाईंनी तो फोटो दिव्यापुढे धरला. "हा सेल आहे. दीड दिवस तरी झाला असावा. घरात कशात असे सेल आहेत?"

बहिणीने ताईकडे पाहिलं. ताईने बहिणीकडे पाहिलं. तेवढ्यातच दोघींना सगळं कळलं.

पोरीला आत नेलं. सेल काढला. पण तोवर अन्ननलिकेला भोक पडून मागची मोठी रक्तवाहिनी जळत आली होती. गुरुवारी दुपारी सव्वाबाराला, डॉक्टरांनी आता धोका थोडा कमी वाटतोय असं सांगितल्यावर तासाभरात, ती फुटली. सहा जणांनी चाळीस मिनिटं धडपड केली. मग ती तरुण डॉक्टरीण बाहेर आली आणि पोर गेल्याचं तिने सांगितलं.

बहीण रडली नाही. ती बाकावरून उठली, ताईसमोर उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुला माहीत होतं?"

बाईंनी मान हलवली.

"कधीपासून?"

"चौदा... आता सोळा महिने झाले."

"आणि तू मला काय सांगितलंस? रंग भडक आहे. रंग!" तिचा आवाज फाटला. "ताई, माझ्या कानाखाली ओढून सांगायचं होतंस गं! मी तुझ्याशी खोटं का बोलले माहितेय? मला वाटलं, तू आमच्या गरिबीला हसतेस."

पलीकडे सासूबाई भिंतीला डोकं टेकून एकच पुटपुटत होत्या, "मी आणला. मीच आणला." त्यांच्या गुडघ्याचा पट्टा सुटून जमिनीवर लोळत होता आणि तो उचलायचं कुणाला सुचत नव्हतं.

पंधरा दिवसांनी बाई कामावर आल्या. टपालात इस्पितळाचा अहवाल होता. वस्तू क्रमांक एकशे बारा, तक्रार बारावी, मुलगी, वय दोन वर्षं दीड महिना. बाईंनी तो वहीत चढवला. अक्षर तसंच होतं. मग कंपनीला पाठवायची प्रत समोर घेतली आणि काळं पेन उघडलं. कंपनीला जाणाऱ्या प्रतीत तक्रारीतल्या माणसाचंही नाव झाकायची रीत होती, तेव्हा आता मुलीच्या नावावर पट्टा ओढायचा होता. कितीतरी वेळ त्या नुसत्या बसून राहिल्या. शेवटी साहेबांनीच त्यांच्या हातातून पेन घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हते. "बाई, घरी जा. हे मी करतो," ते म्हणाले, आणि त्यांनी ते केलं.

कंपनीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. झाल्या घटनेबद्दल खेद होता, पालकांनी लक्ष ठेवायला हवं होतं असं सुचवलं होतं, आणि खुलाशासाठी नव्वद दिवसांची मुदत मागितली होती.

त्याच महिन्यात समितीचं बोलावणं आलं. सुधारणा विधेयकावर साक्षी चालू होत्या आणि तक्रारी कशा नोंदवल्या जातात याची माहिती हवी होती. ती बाईंशिवाय कुणाला असणार? साहेबांनी स्वतः बसून निवेदन लिहून दिलं. दीड पान, सगळीकडे आकडे. "हे एवढंच वाचायचं. इकडे तिकडे नाही. आणि बाई, तुमचं घरचं काही... म्हणजे ते इथे आणू नका. विधेयकालाच मारक होईल."

समितीची खोली मोठी, टेबल अर्धगोल, पाण्याचे ग्लास झाकलेले. अध्यक्ष सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, बोलायला मृदू गृहस्थ. त्यांनी बाईंना आधी बसायला सांगितलं, मग पाणी घ्यायला. बाईंच्या आधी कारखानदारांच्या संघटनेचे वकील बोलले आणि छान बोलले. त्यांनी दूधपावडरीची आठवण काढली, चारशे चुलींची आठवण काढली. "एक खोटं नाव बाहेर गेलं, तर ते परत आत घेता येत नाही," ते म्हणाले. दोन-तीन सभासदांनी माना डोलावल्या.

बाई उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या. आवाज सपाट होता. दरवर्षी किती तक्रारी येतात, त्यातल्या किती निकाली निघतात. "उदाहरणार्थ, वस्तू क्रमांक एकशे बारा. एकूण तक्रारी बारा. मृत्यू तीन. सद्यःस्थिती, खुलासा प्रलंबित."

कोपऱ्यातल्या एका सभासद बाईंनी विचारलं, "एकशे बारा म्हणजे काय आहे?"

साहेब मागून घाईने म्हणाले, "कलम सातनुसार ते सांगता येत नाही."

"पण मग आईला कसं कळायचं? दुकानात काय डब्यावर एकशे बारा लिहिलेलं असतं?"

खोलीत कुणीतरी हसलं. बाईंनी कागद टेबलावर ठेवला.

"झोपाळू ससा," त्या म्हणाल्या. "मुलांच्या उशाशी ठेवायचा दिवा आहे. पोटाखालचं झाकण उघडतं, सेल बाहेर पडतात आणि मुलं ते गिळतात. तिसरी गेलेली मुलगी माझ्या बहिणीची."

एकदम कालवा झाला. वकील उठून उभे राहिले. साहेब मागून बाईंना बसायला खुणावत होते. "बाई, बसा. बाई, काय करताय हे!" अध्यक्षांनी हात वर केला. "हे नाव कामकाजातून वगळण्यात यावं. लेखनिकांनी खोडावं. बाई, आपण काय केलंत याची कल्पना आहे ना? कायदा अजून लागू आहे."

"आहे, साहेब. हमीपत्रावर माझी सही आहे." बाई बसल्या नाहीत. "वकीलसाहेब म्हणाले, खोटं नाव बाहेर गेलं तर परत घेता येत नाही. खरं आहे. त्या चारशे माणसांचं मलाही वाईट वाटतं. पण खरं नाव आत राहिलं तेव्हा काय झालं, ते मी सांगते. मी माझ्या बहिणीला म्हणाले, सशाचा रंग भडक आहे. कायद्यात बसेल असं तेवढंच मला सुचलं. माझ्या थापेचा तिला राग आला, म्हणून तिने मला थाप मारली. आणि पोर त्या दोन थापांच्या मध्ये गेली. माझ्यावर खटला भरा, मी येईन. पण हे कलम ठेवणार असाल, तर घरोघरच्या बायकांना सांगायला एखादी बरीशी थाप तरी कायद्यातच लिहून द्या. मला चांगली सुचली नाही."

अध्यक्षांनी घड्याळ पाहून अर्ध्या तासाची सुट्टी जाहीर केली.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात साहेब म्हणाले, "निलंबनाचा कागद उद्या निघेल. माझ्याच सहीने काढावा लागेल हो मला." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. बाईंनी फक्त "काढा" म्हटलं आणि त्या खिडकीजवळच्या बाकावर टेकल्या.

थोड्या वेळाने पावलं वाजली. अध्यक्ष एकटेच आले होते. त्यांनी मागे-पुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, तो ससा... पिवळ्या उजेडाचा? कान खाली पडलेले?"

"हो."

"रबराचा?"

"हो साहेब. मऊ रबराचा."

अध्यक्षांनी कोटातून फोन काढला, दोनदा चुकीचा क्रमांक दाबला. "सूनबाई? अगं, छोटीच्या उशाशी तो ससा आहे ना, तो काढ. आत्ता, माझ्याशी बोलता बोलता काढ. झाकण बघ आधी, सेल तीन आहेत का मोज... तीन? नक्की तीन? उचलून बाहेर नेऊन टाक. का म्हणजे? अगं, त्यातले सेल गिळून तीन मुलं गेलीत. हो, ऑफिसातल्याच बाईंनी सांगितलं. हो. ठेव."

बाई ऐकत होत्या. एवढं सांगायला अध्यक्षांना पाऊण मिनिट लागलं होतं. सुनेने वाद घातला नाही, रुसली नाही, तिला एका वाक्यात पटलं. आपल्या बहिणीलाही पटलं असतं. बाईंनी दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली.

अध्यक्षांनी रुमालाने कपाळ पुसलं. "देवासारख्या भेटलात बाई. तुमचे उपकार..."

"उपकार नकोत. आत गेल्यावर ते नाव पुन्हा कामकाजाच्या वहीत लिहून घ्या."

म्हातारा अडखळला. मघाची मृदू, सरावाची भाषा त्याच्या तोंडात परत आली. "तुम्हाला माझी अडचण कळेल. माझ्या हातात असतं तर... पण नियम आहेत, बाई."

"माझ्याकडेही होते, साहेब."

अध्यक्षांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहण्याचा प्रयत्न केला, ते जमेना, तेव्हा हातातल्या फोनकडे पाहिलं. घंटा वाजली. ते वळले आणि आत गेले. आत जाऊन ते काय बोलतील, कलमाच्या बाजूने हात वर करतील की विरुद्ध, हे त्या घटकेला त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. जड दार आपोआप मिटलं.

एक वयस्क शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन आला. "घ्या बाई. मघापासून बसलाय तुम्ही. गाडी बोलवू का?"

बाईंनी ग्लास घेतला, पण प्यायल्या नाहीत. त्यांनी बाकावर सरकून जागा केली.

"नको. तुमच्या घरी लहान मूल आहे का हो?"

"आहे की. नातू आहे, दीड वर्षाचा. लई वांड. का?"

"मग बसा जरा इथे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला एक नाव सांगायचंय."